कंपनीत एआय आलं; माणसं कशी तयार करायची?

बहुतेक कंपन्यांची तयारी एकाच क्रमाने होते. आधी एआय साधनाची लायसन्स घेतली जातात, मग सगळ्यांना दोन तासांचं ऑनलाइन सत्र दिलं जातं आणि शेवटी प्रमाणपत्राचा ईमेल येतो. तीन महिन्यांनी पाहावं, तर काही जण ईमेलची भाषा नीट करण्यापुरतं ते साधन वापरत असतात, काही जण स्वतःच्या मोबाइलवर भलतंच साधन गुपचूप वापरत असतात आणि उरलेल्यांनी ते एकदा उघडून बंद केलेलं असतं. यात आळसाचा भाग फार थोडा. साधनाची बटणं कुठे आहेत एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. रोजच्या कामातला कुठला तुकडा त्याच्याकडे द्यायचा, आलेलं उत्तर कोणी आणि कसं तपासायचं, चुकलं तर जबाबदार कोण, हे तीन प्रश्न तसेच राहिलेले असतात. तयारी करायची ती याच तीन प्रश्नांची.

आधी कामाचे तुकडे पाडा

‘एआयमुळे कोणती पदं जातील?’ असा प्रश्न टाकला की चर्चा भीतीकडे वळते आणि हाती काही लागत नाही. एका पदात पंधरा-वीस वेगवेगळी कामं असतात. त्यातली तीन-चार मशीनला छान जमतात, पाच-सहा अर्धीमुर्धी जमतात, बाकीची जमतच नाहीत. म्हणून सुरुवात कामांच्या यादीपासून करायची. ही यादी मॅनेजरने एकट्याने बनवू नये. त्याच्या डोक्यात असतं ते नियमपुस्तिकेतलं काम. जे लोक ते काम करतात त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी आठवडाभर, दर अर्ध्या तासाला काय केलं याची एका ओळीत नोंद ठेवावी. कागदावर कुठेच नसलेली कितीतरी कामं त्यातून वर येतात: दोन फाइलींतले आकडे जुळवत बसणं, कोणाला विचारायचं ते शोधणं, तीच माहिती तिसऱ्यांदा भरणं.

एक काम जवळून पाहू. ग्राहकाच्या तक्रारीला लेखी उत्तर द्यायचं आहे. समजा, एका तक्रारीला २२ मिनिटं लागतात. तक्रार वाचून तिचा प्रकार ठरवायला ३, जुनी ऑर्डर आणि आधीचा पत्रव्यवहार शोधायला ६, नियमाप्रमाणे ग्राहकाला काय देणं लागतो हे ठरवायला ४, मसुदा लिहायला ७ आणि पाठवण्याआधी नजर टाकायला २. मसुदा मशीनने लिहिला तर ७ मिनिटांचं काम १ मिनिटात होतं. साधन विकणारा सांगतो, ६ मिनिटं वाचली. पण आता तपासणी २ मिनिटांत उरकत नाही. स्वतः लिहिलेल्या पत्रातली प्रत्येक ओळ कुठून आली हे आपल्या डोक्यात असतं. मशीनच्या मसुद्यातली रक्कम, तारीख, परताव्याची मुदत, दिलेलं आश्वासन हे सगळं मूळ नोंदीशी ताडून पाहावं लागतं. त्याला ५ मिनिटं धरा. म्हणजे खरी बचत ३ मिनिटांची. उलट त्याच साधनाने जुना पत्रव्यवहार शोधून चार ओळींत समोर ठेवला आणि प्रत्येक ओळीपुढे मूळ नोंदीचा क्रमांक दिला, तर ६ मिनिटांची २ होतात. बचत ४ मिनिटांची. मसुद्यासाठी विकत घेतलेल्या साधनाचा मोठा फायदा शोधाशोधीत निघतो. हा हिशेब मांडल्याशिवाय तो दिसत नाही, आणि प्रशिक्षणाचा सगळा वेळ मसुदे लिहायला शिकवण्यात जातो.

यादी तयार झाली की प्रत्येक तुकड्याला दोन प्रश्न विचारायचे. चूक झाली तर किती महागात पडेल? आणि चूक झाली आहे हे दिसायला किती सोपं आहे? बैठकीच्या टिपणांना शीर्षकं देताना चूक झाली तर बिघडत नाही आणि ती लगेच दिसते; खुशाल द्या. स्प्रेडशीटमधलं सूत्र चुकलं तर महागात पडतं, पण ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशा पाच ओळींवर ते चालवून पाहिलं की कळतं. तेही द्या, फक्त ती चाचणी सक्तीची करा. साठ पानी कराराचा सारांश मात्र वेगळं प्रकरण आहे. सारांशात जे चुकीचं लिहिलं ते शोधता येतं. जे गाळलं ते डोळ्यांना दिसतच नाही. दंडाचं कलम राहून गेलं, तर सारांश वाचणाऱ्याला त्याचा पत्ता लागायचा नाही. अशा कामात मशीनला ‘सारांश कर’ म्हणण्याऐवजी ठरावीक वीस प्रश्न द्यावेत आणि प्रत्येकाचं उत्तर कलम क्रमांकासह मागावं. मग ‘याबद्दल करारात काही नाही’ असं उत्तर आलं की निदान कुठे पाहायचं ते तरी समजतं.

मशीन चुकतं कसं?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हापासून ‘हे खोटं का बोलतं?’ हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात येतो. उत्तर थोडक्यात असं: हे मॉडेल प्रचंड मजकुरावरून, आतापर्यंतच्या शब्दांपुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, हे शिकलेलं असतं. उत्तर देताना ते एकेक तुकडा असाच जोडत जातं. खरं आणि खऱ्यासारखं यांत फरक करणारी वेगळी खिडकी त्याच्यात नसते. त्यामुळे त्याची चूकही सफाईदार भाषेत येते. माणूस अडखळला, गोलगोल बोलू लागला की आपल्याला संशय येतो. इथे तशी खूण नाही.

याचे परिणाम न्यायालयापर्यंत गेले आहेत. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड केला, कारण त्यांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले दाखले म्हणून दिले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणाने, वेबसाइटवरच्या चॅटबॉटने प्रवाशाला दिलेल्या चुकीच्या माहितीची भरपाई एअर कॅनडाला करायला लावली. ‘बॉट म्हणाला’ ही सबब तिथे चालली नाही.

मशीन कुठे भरवशाचं आणि कुठे नाही, ही सीमा सरळ रेषेत नसते, हे २०२३ मधल्या एका मोठ्या प्रयोगात दिसलं. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपचे ७५८ सल्लागार त्यात होते. मशीनला जमणाऱ्या कामांत एआय वापरणाऱ्यांनी सुमारे १२ टक्के जास्त कामं, सुमारे २५ टक्के कमी वेळात केली. पण मशीनला न जमणारं एक काम मुद्दाम निवडलेलं होतं: त्यात आकड्यांचा तक्ता आणि मुलाखती एकत्र वाचल्याशिवाय नीट निष्कर्ष निघत नव्हता. तिथे एआयशिवाय काम करणाऱ्यांपैकी जवळपास ८४ टक्के बरोबर आले, एआय वापरणाऱ्यांपैकी ६० ते ७० टक्के. त्यातही ज्या गटाला प्रॉम्प्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या लेखी सूचना, कसे लिहायचे हे आधी शिकवलं होतं, तोच गट मागे पडला. प्रॉम्प्ट शिकवून तयारी झाली असं मानणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षण विभागाने हा निकाल भिंतीवर लावावा. साधनावर हात बसला की भरवसा वाढतो. तपासायची सवय आपोआप वाढत नाही.

प्रशिक्षण कसं बांधावं?

एका दिवसाचं व्याख्यान विसरायला आठवडा पुरतो. त्यापेक्षा बारा ते पंधरा जणांचा गट, आठवड्यातून एकदा ९० मिनिटं, असे सहा आठवडे, ही मांडणी चालते. गट एकाच विभागाचा असावा, कारण हिशेब विभागातल्या माणसाला मार्केटिंगची उदाहरणं पाहून काही मिळत नाही. प्रत्येकाने स्वतःच्या कामातल्या दोन फाइली, नावं-पत्ते काढून, सोबत आणायच्या. मॅनेजर त्याच गटात बसला पाहिजे. तो नसला, की लोक शिकून परत जातात आणि तो जुन्याच पद्धतीचा अहवाल मागतो; मग शिकलेलं तिथेच राहतं. शिवाय दर पंधरा-वीस जणांमागे एकाला आठवड्यातले चार तास मोकळे करून द्यावेत, म्हणजे अडलेल्याला शेजारीच विचारता येईल. हे चार तास त्याच्या नेहमीच्या कामातून खरोखर वजा झाले पाहिजेत. नाहीतर तो पहिल्याच महिन्यात लोकांना टाळू लागतो.

प्रॉम्प्ट शिकवावेत, पण एका सत्रापुरते. ‘या तक्रारीला उत्तर लिही’ एवढ्यावर मशीन गुळमुळीत माफीनामा लिहितं. त्याला पाच गोष्टी लागतात: काम काय, वाचणार कोण, आधार कशाचा, रूप कसं आणि माहीत नसेल तेव्हा काय करायचं. ‘सोबतच्या तक्रारीला १२० शब्दांत उत्तर लिही. ग्राहक पहिल्यांदाच लिहितो आहे आणि चिडलेला आहे. फक्त सोबतच्या परतावा नियमांचा आधार घे आणि कोणता नियम लावला त्याचा क्रमांक शेवटी दे. नियमांत नसलेलं कोणतंही आश्वासन देऊ नकोस. माहिती कमी असेल तर उत्तर न लिहिता काय हवं ते विचार.’ शेवटचं वाक्य सर्वात उपयोगी. तेच लोक सर्वात जास्त विसरतात.

उरलेला बराच वेळ तपासणीच्या सरावाला द्यावा. सराव असा. मशीनने लिहिलेले २० मसुदे आणि त्यांची मूळ कागदपत्रं घ्या. त्यातल्या सात मसुद्यांत आपणच चुका पेरायच्या, आणि त्या प्रत्यक्षात होतात तशाच हव्यात: एक रक्कम बदललेली, एका वाक्यातला ‘नाही’ गळालेला, बरोबर पण गेल्या वर्षीच्या नियमावर बेतलेलं उत्तर, नियमातला अपवाद वगळलेला, दोन ग्राहकांची माहिती मिसळलेली, नसलेलं कलम, आणि मूळ पत्रात ‘बहुधा’ असताना मसुद्यात ‘नक्की’. किती चुका आहेत हे सांगायचं नाही. घड्याळ लावून प्रत्येकाने एकट्याने तपासायचं. मग दोन आकडे काढायचे: सातपैकी किती पकडल्या, आणि चांगल्या तेरांपैकी किती उगाच बाद केल्या. दुसरा आकडाही महत्त्वाचा आहे. ज्याला सगळ्याचाच संशय येतो त्याच्या हाती साधन देऊन वेळ वाचत नाही.

या सरावात हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे बाराव्या-तेराव्या मसुद्यानंतर डोळे फक्त ओळींवरून सरकतात. बहुतेक वेळा बरोबर असणाऱ्या यंत्रावर सतत लक्ष ठेवणं माणसाला जड जातं, हे मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ सालीच, कारखान्यांतल्या स्वयंचलित यंत्रणांबद्दल लिहिताना मांडलं होतं. ‘लक्ष द्या’ अशी सूचना त्यावर उपाय होत नाही. उपाय कामाच्या रचनेत करावा लागतो. एका बैठकीत दहापेक्षा जास्त मसुदे तपासायचे नाहीत. तपासण्याचा क्रम ठरलेला हवा: आधी आकडे, मग नावं, तारखा, नकारार्थी वाक्यं, शेवटी आश्वासनं. आणि मसुदा वाचण्याआधी मूळ कागद वाचायचा. आधी मसुदा वाचला की त्याचीच वाक्यं डोक्यात बसतात आणि मूळ कागदातही तीच दिसू लागतात. पंधरा दिवसांनी नव्या वीस मसुद्यांवर हाच सराव पुन्हा घ्या. ज्याचे आकडे सुधारले नाहीत त्याला ग्राहकाकडे जाणारे मसुदे इतक्यात देऊ नयेत.

कोणती माहिती कुठे टाकायची, हे पहिल्याच सत्रात सांगून मोकळं व्हावं. पंधरा पानी धोरण कोणी वाचत नाही. एका पानावर तीन कप्पे पुरतात. जे आधीच जाहीर आहे ते कुठेही चालेल. कंपनीअंतर्गत माहिती फक्त कंपनीने करार करून घेतलेल्या साधनात. ग्राहकांची ओळख पटवणारा तपशील, पगार, आजारपण, पासवर्ड, जाहीर न झालेले आर्थिक निकाल आणि सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर), यांतलं काय चालेल ते नावानिशी लिहावं, आणि ज्याचं नाव नाही ते चालणार नाही असं समजावं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मे महिन्यात कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. तिथले लोक कामच उरकत होते. म्हणून नुसती बंदी पुरत नाही. मंजूर साधन हाताशी नसलं की माणूस मोबाइल काढतो, आणि मग काय बाहेर गेलं याची नोंदही राहत नाही.

स्वतःहून पावलं उचलणारे एआय एजंट आता कामात येऊ लागले आहेत. त्यांच्यासाठी परवानगीच्या चार पायऱ्या ठरवाव्यात: वाचणं, मसुदा करणं, पाठवणं, पैसे किंवा नोंदी हलवणं. प्रत्येक काम कोणत्या पायरीपर्यंत सोडलं आहे आणि पुढच्या पायरीवर कोणाची सही लागते, हे त्या कामाच्या यादीतच लिहावं.

नव्यांचं काय?

ग्राहक सेवेतल्या ५,१७९ कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास २०२३ मध्ये आला. एआयच्या मदतीने तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्या आणि कमी कौशल्याच्या लोकांमध्ये ३४ टक्क्यांनी, तर अनुभवींमध्ये जवळजवळ वाढच नाही. अनुभवी लोकांच्या संभाषणांतून साधनाने जे उचललं, ते नव्यांच्या कानात पोचत होतं. चांगली बातमी आहे, पण अर्धी. नव्याला उत्तर मिळतं. ते बरोबर का आहे, हे समजतंच असं नाही. आणि मशीनची चूक पकडायला तर ते ‘का’च लागतं. पहिला मसुदा, पहिली पडताळणी, पहिलं टिपण ही कामं पूर्वी नव्यांकडे असायची. कंटाळवाणी होती, पण त्यातच नजर तयार व्हायची. ती सगळी मशीनकडे गेली तर पाच वर्षांनी तपासणारा अनुभवी माणूस आणायचा कुठून?

कसलेल्या माणसाचा हातही उतरू शकतो. पोलंडमधल्या चार केंद्रांचा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर एआयला सरावल्यानंतर, एआयशिवाय केलेल्या तपासण्यांत पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आलं होतं. एका अभ्यासावरून ठाम निष्कर्ष काढू नये, पण काळजी घ्यायला तो पुरेसा आहे.

काळजी घ्यायची पद्धत साधी आहे, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. नव्या माणसाने पहिले सहा महिने आधी स्वतः दहा मिनिटांत उत्तराचा सांगाडा लिहावा, मग मशीनचं पाहावं आणि दोन्हींतला फरक अनुभवी सहकाऱ्याला समजावून सांगावा. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनीच एआयशिवाय काम करावं. यामुळे त्या दिवशीचं काम कमी होतं. ते वेळापत्रकात आधीच धरलेलं असावं, म्हणजे महिनाअखेरीला पहिला बळी त्याच दिवसाचा जात नाही.

मोजायचं काय?

किती जणांनी लॉगिन केलं, किती प्रॉम्प्ट लिहिले, हे आकडे सहज मिळतात म्हणून तेच वर पाठवले जातात. त्यांचं उद्दिष्ट ठरवलं की लोक उद्दिष्टापुरते प्रॉम्प्ट लिहितात. ‘तुमचा किती वेळ वाचला?’ असं विचारूनही कळत नाही. २०२५ मध्ये मेटर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमर आणि त्यांची २४६ कामं तपासली. एआय वापरल्यावर आपण २० टक्के वेगाने काम केलं असं त्यांना वाटत होतं. घड्याळाप्रमाणे त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता. तो त्यावेळच्या साधनांचा आणि त्या विशिष्ट कामाचा निकाल आहे, सगळीकडे लागू नाही. पण माणसाचा अंदाज आणि घड्याळ यांत इतकं अंतर पडू शकतं.

म्हणून साधन देण्याआधी चार आठवडे मोजणी करावी. एका कामाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती वेळ लागतो, किती कामं परत येतात, किती चुका ग्राहकापर्यंत पोचतात. साधन दिल्यावर तेच तीन आकडे. सोबत चुकांची एक वही: तारीख, काम, मशीनने काय चुकवलं, कोणी आणि कुठे पकडलं. या वहीतल्या नोंदींवरून कोणाला बोलणी बसली, की ती वही दुसऱ्या दिवसापासून कोरी राहते. हे मॅनेजरला दोनदा सांगावं लागतं.

शेवटचा प्रश्न लोक उघड विचारत नाहीत, पण प्रत्येक सत्रात तो खोलीत असतो: वाचलेल्या वेळाचं काय करणार? उत्तर आधी द्यावं आणि लेखी द्यावं. वेळ वाचताच कामाचा कोटा वाढवला, तर लोक आपली पद्धत लपवतात. जो दोन तासांत काम संपवतो तो चार तास लागल्याचं दाखवतो, आणि त्याला सापडलेली युक्ती शेजारच्यापर्यंत पोचत नाही. आयकियाची दुकानं चालवणाऱ्या इंग्का समूहाने २०२३ मध्ये सांगितलेला मार्ग वेगळा होता. कॉल सेंटरकडे येणाऱ्या प्रश्नांपैकी सुमारे ४७ टक्के त्यांचा बॉट हाताळू लागला, तेव्हा २०२१ पासून ८,५०० कर्मचाऱ्यांना घराच्या अंतर्गत सजावटीचे सल्लागार म्हणून शिकवलं गेलं. प्रत्येक धंद्यात अशी शेजारची वाट असेलच असं नाही. नसेल तर तेही स्पष्ट सांगावं आणि शिकायला, दुसरीकडे जायला पुरेसा अवधी द्यावा.

युरोपियन युनियनमध्ये २ फेब्रुवारी २०२५ पासून, एआय वापरणाऱ्या संस्थांनी आपल्या लोकांना त्याची पुरेशी जाण द्यावी, ही अट कायद्यानेच लागू झाली. ‘पुरेशी’ म्हणजे किती हे कामागणिक बदलतं. पत्रांचे मसुदे करणाऱ्याला वर सांगितलेला सराव बहुधा पुरेल. नोकरीचे अर्ज किंवा कर्जाचे प्रस्ताव मशीनकडून चाळून घेणाऱ्याला, नाकारलेल्यांपैकी काही प्रकरणं दर आठवड्याला स्वतः उघडून वाचावी लागतील. कारण अशा कामात चुकीने बाद झालेला माणूस तक्रार करायला परत येत नाही.